सर्दीचा कोठा

आमच्या घरात कुणाला काहीही झालं की त्याचं खापर मसाल्यावर फुटतं. माझे डोळे आले, मसाला. बाबांना पित्त झालं, मसाला. शेजारच्यांच्या मुलाला दहावीला कमी मार्क पडले तेव्हा त्याच्या आईने तुमच्या मिरच्यांच्या खकाण्याने त्याचा अभ्यास झाला नाही असं जिन्यात उभं राहून सांगून पाहिलं होतं. त्यामुळे माझ्या आईला खोकला लागला तेव्हा कुणालाच काही विचार करावासा वाटला नाही. मिरच्यांत बसणारी बाई खोकणारच.

आई म्हणजे शेवंती घाडीगावकर. लालबाग, परळ, गिरगाव आणि तिथून उठून डोंबिवली-विरारला गेलेली सगळी माणसं तिला घाडीकाकू म्हणतात आणि तिच्याकडून मालवणी मसाला नेतात. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि मसाल्याचा गाळा खाली गल्लीत. कुटायचं काम समोरच्या डंकावर होतं, ते कुणीही करतं. खरं काम भाजायचं. धणे, खसखस, दगडफूल, जायपत्री, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि नेमका कधी उतरवायचा ते ओळखायचं. धणे जरा जास्त राहिले की अख्खा मसाला कडू, जरा कमी राहिले की महिन्याभरात जाळी धरतो. आईचा मसाला कधी कडू झाला नाही, कधी जाळी धरली नाही. शीव कोळीवाड्याच्या सुंदराबाई दर वर्षी पहिल्या घाण्याला येतात, चिमूटभर मसाला तळहातावर घेतात, नाकाशी नेतात आणि मान हलवतात. ती मान हलली की त्यांच्या मागोमाग अर्धा कोळीवाडा येतो.

गाळ्यात शेगडी एकच. बाबा, आनंदा घाडीगावकर, बेस्टमध्ये कंडक्टर होते. गुडघे गेले म्हणून लवकर घरी बसले आणि तेव्हापासून गाळ्याच्या दारात स्टुलावर बसून पिशव्या भरतात. माणूस शांत. पण आईने कढई चढवली की त्यांच्या अंगात काय शिरायचं कोण जाणे. ऐन धणे भाजत आले की, "शेवंती, चाय टाक गो." खसखस होत आली की, "माझो चष्मो खय आसा?" मिरच्या परतून होत आल्या की, "ह्या पिशयेचा तोंड बांध बघया." माझ्याशी दोघं मुंबईच्या मराठीत बोलतात, एकमेकांशी मात्र मालवणीच. आई शिव्या घालत कढई उतरवायची आणि त्याच शेगडीवर चहाचं भांडं ठेवायची. "पित्ताचो माणूस आणि घटकेघटकेक चाय," म्हणायची. बाबा दोन घोट घ्यायचे आणि उरलेला चहा गटारात ओतायचे. मी एकदा वैतागून चहापुरती इंडक्शनची शेगडी आणून दिली. इंडक्शनचा चहा चहासारखा लागत नाही असं सांगून बाबांनी ती माळ्यावर ठेवून दिली. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तर, आईचा खोकला. रोज सकाळी मोरीत उभी राहून ती कफ काढायची, आणि तो इतका असायचा की ऐकणाऱ्याच्याच छातीत दुखावं. वजन उतरत गेलं. दोनदा तिला टीबीची औषधं दिली गेली. थुंकीत जंतू कधीच सापडले नव्हते, पण खोकला आहे, वजन उतरलंय, एक्स-रेवर डाग आहेत, आणि राहते लालबागला. अशा बाईला टीबी नाही म्हणायला डॉक्टरलाही धीर लागतो. दोन्ही वेळा आईने सगळा कोर्स इमानेइतबारे पूर्ण केला, आणि दोन्ही वेळा खोकला होता तिथेच राहिला. मग धाप लागायला लागली. तिसरा मजला चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबून कुणाची तरी चौकशी करायची. तुझ्या सासूचं कसं आहे, तुमच्या नळाला पाणी आलं का. चाळीत सगळ्यांना वाटलं घाडीकाकू म्हातारपणी प्रेमळ झाल्या.

गेल्याच्या गेल्या वर्षी डिसेंबरात आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा टीबीच वाटतोय, कदाचित औषधांना दाद न देणारा असेल. आईने ते ऐकून घेतलं आणि घरी येऊन सरळ म्हणाली, "आता गाळ्याला टाळं." ती उगाच बोलत नव्हती. तीनदा टीबी झालेल्या बाईच्या हातचा मसाला कोण खाईल? आणि भाजणं सोडलं तर आई काय करणार, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी दादरच्या एका बँकेत आहे, पोटाची चिंता नव्हती. पण आईला गाळ्यातून उठवलं तर ती खोकल्याआधीच जाईल याची मला खात्री होती, आणि त्याची मला मनापासून भीती वाटत होती. म्हणून औषधं सुरू करण्याआधी मी तिला परळला छातीच्या डॉक्टरकडे नेलं.

या डॉक्टर नूपुर. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी पत्ता वाचला, आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मसालेवाल्या घाडीकाकू का? माझी आई गिरगावात राहते. आमच्याकडे दर वर्षी तुमचाच मसाला येतो."

आईचा चेहरा असा फुलला की मला वाटलं चला, अर्धं काम झालं. प्रत्यक्षात तिथेच काम बिघडलं, पण ते मला नंतर कळलं.

छातीचं सीटी स्कॅन झालं. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ते संगणकावर लावून आम्हाला दाखवलं. "श्वासनळी झाडासारखी असते," त्या म्हणाल्या. "फांद्या फुटत फुटत अगदी बारीक होत जातात. तुमच्या त्या शेवटच्या बारीक फांद्या सुजल्यात, त्यात कफ साचलाय. हे बारीक ठिपके दिसतायत ना, कळ्यांसारखे, ते तेच. आणि ते दोन्ही बाजूंना, खालच्या भागात जास्त आहेत. टीबी बहुतेक वेळा वरच्या भागात बसतो. म्हणून मला जरा वेगळी शंका येतेय. नाकाचा काही त्रास?"

"सर्दीचा कोठा आहे माझा," आई म्हणाली. "माझ्या आईचाही होता."

मीही मान डोलावली. आईचा सर्दीचा कोठा आहे हे मी जन्मापासून ऐकत आलेय. एखाद्याचा रंग सावळा असतो, एखाद्याचे केस कुरळे असतात, तसा आईचा सर्दीचा कोठा. त्याला कुणी आजार म्हणत नाही आणि तो डॉक्टरला सांगायचा असतो असं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"नाक चोंदलेलं असतं का कायम? वास येतो नीट?"

"डॉक्टर," आई ताठ बसत म्हणाली, "मी मसाल्याचं काम करते."

डॉक्टर ओशाळल्या. "सॉरी काकू, मी कुणाला विचारतेय!" असं म्हणून हसल्या. मीही हसले. आई हसली नाही. थुंकी पुन्हा तपासायला द्यायचं ठरलं, फुंकर मारायची तपासणी झाली, तीत दम फारच कमी निघाला. पण टीबीची औषधं इतक्यात सुरू करायची नाहीत, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

जानेवारीत बाबा जमिनीच्या कामासाठी गावी गेले. बाबा नसले की आई भाजत नाही. एकटीने कढई उतरवायची नाही, धाप लागते, असा त्यांनीच तिला दम दिला होता. ती नुसती निवडत-टिपत बसते. त्या शनिवारी मी दुपारी बँकेतून सुटले आणि गल्लीच्या तोंडाशी पोचले तर समोरच्या दुकानदाराने नाकाला रुमाल लावलेला. "अक्षदा, बघ ना जरा. सकाळपासून काकूंना सांगतोय, काहीतरी मेलंय तुमच्या गाळ्यात. त्या म्हणतात गटार तुंबलंय."

वास मला तिथेच आला. गाळ्यापाशी पोचेपर्यंत मीही नाकाला रुमाल लावला. आणि आत आई पोत्याला टेकून भात आणि माशाचं तिखलं जेवत बसली होती. मुकाट्याने, चवीने. तिच्यामागच्या पोत्यांत हात घालायची मला गरजच पडली नाही. पाठीमागे शेपटी दिसत होती. ही एवढी मोठी घूस, मरून दोन दिवस झालेली.

"आई, तुला वास येत नाहीये?"

"येतोय ना. गटार तुंबलंय मेलं."

मी वाकून शेपटी दाखवली. तिने पाहिलं आणि ताट खाली ठेवलं. मला संताप आला. कशाचा, ते मलाही सांगता आलं नसतं. मी फळीवरचा हिंगाचा डबा घेतला, तिला डोळे मिटायला लावलं आणि झाकण उघडून डबा तिच्या नाकाखाली धरला. खडा हिंग. मला शिंक आली.

"सांग, काय आहे?"

आईने श्वास घेतला. खूप वेळ विचार केला. मग हळूच म्हणाली, "जायपत्री?"

मी डबा बंद केला. तिने डोळे उघडून डबा पाहिला आणि पदराने तोंड पुसलं.

"कधीपासून?"

"तुझी बारावी झाली तेव्हापासून."

म्हणजे नऊ वर्षं. "अगं, करोनात अख्खी चाळ वास गेला म्हणून बोंबलत होती. तेव्हा तरी सांगायचंस!"

"तेव्हा तर मुळीच नाही. त्यांचा परत आला असता. माझा न आल्यावर लोकांनी विचारलं नसतं?"

"मग भाजतेस कशी?"

आता तिच्या आवाजात जरा जोर आला. "कानांनी. धणे आधी तडतडतात, मग गप्प होतात. खसखशीचा रंग बघायचा. मिरची झाऱ्याला लागते कशी ते हाताला कळतं. नऊ वर्षांत एकदा तरी सुंदराबाईंनी नाक मुरडलंय?"

मुरडलं नव्हतं. हे मात्र खरं होतं, आणि मला आईचा अभिमान वाटला. घाणेरड्या वासात उभी राहून मला तिचा अभिमान वाटत होता.

"तुझ्या बाबांनासुद्धा ठाऊक नाही," ती म्हणाली. "माझी शपथ आहे तुला. कुणाला बोललीस तर बघ. ज्या मसालेवालीला वास येत नाही तिच्या दारात कोण उभं राहील? आणि त्या डॉक्टरीणबाईंची आई तर आपलं गिऱ्हाईक."

"डॉक्टरांनी विचारलं होतं ना तुला? उगाच विचारलं असेल का?"

"छातीच्या डॉक्टरला नाकाशी काय करायचंय?"

याचं उत्तर डॉक्टरांकडे असावं असं मला वाटलं. मी तिला सांगितलं, एक तर तू सांग नाहीतर मी सांगते, शपथ गेली खड्ड्यात. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी साडी बदलून दारात उभी राहिली.

डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर आईने आधी नर्सला बाहेर पाठवायला लावलं. मला दार लावायला सांगितलं. मग विचारलं, "तुमच्या आईला सांगणार नाही ना?"

"काकू, इथलं इथेच राहतं."

"मला वास येत नाही," आई म्हणाली. "नऊ वर्षं झाली."

एवढं बोलून ती रडायला लागली. माझी आई रडत नाही. मिरच्या भाजतानाही तिच्या डोळ्यांतून पाणी येत नाही. मी तिचा हात धरला.

डॉक्टर मात्र एकदम सरसावून बसल्या. नाकाचं स्कॅन सांगितलं, रक्ताची एक तपासणी सांगितली. ते सगळं हातात आल्यावर त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस.

"मध्येच धाप लागेल एवढं लांब नाव," आई म्हणाली.

"दुर्मीळ आहे. जपानकडे जास्त दिसतो, आपल्याकडे क्वचित. मी शिकत असताना एकच पेशंट पाहिला होता. यात नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्या आणि फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्या, दोन्ही एकदम सुजतात. नुसती छाती बघितली तर टीबी वाटतो, दमा वाटतो. नाकाची गोष्ट कळली की चित्र पुरं होतं. तुमचं नाक वर्षानुवर्षं भरलेलंय काकू. तो सर्दीचा कोठा नव्हता."

"आणि मसाला?" आईने विचारलं.

"खकाणा तुम्हाला चांगला नाहीच. भाजताना मास्क लावायचा. पण हा आजार मसाल्याने झालेला नाही."

आईने माझ्याकडे असं पाहिलं जणू कोर्टातून निर्दोष सुटली होती.

औषध लगेच मिळालं नाही. टीबीच्या जंतूंचे चुलतभाऊ थुंकीत नाहीत ना, याची खात्री करायला कित्येक आठवडे कल्चरची वाट पाहावी लागली, कारण ते असताना ही एकटी गोळी दिली तर ते तिला सरावतात. हृदयाचा कार्डिओग्राम झाला. मग एकदाची गोळी मिळाली, आठवड्यातून तीन दिवस घ्यायची. आईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "ही तर घसा धरला की देतात ती. पोरासोरांनासुद्धा देतात."

"तीच," डॉक्टर म्हणाल्या. "पण इथे ती जंतू मारायला नाही, सूज शांत करायला आहे. म्हणून थोडी थोडी आणि खूप दिवस. निदान सहा महिने, कदाचित दोन वर्षं. टीबीसारखं कोर्स संपला म्हणून आपल्या मनाने थांबायचं नाही. श्वास सुधारेल असं मला वाटतं. वासाचं मात्र वचन देत नाही."

बाबा गावाहून आले तेव्हा मी त्यांना आजाराचं नाव सांगितलं, टीबी नाही हे सांगितलं. त्यांनी दोन्ही हात जोडून देवाच्या फोटोकडे पाहिलं. मग पिशवीतून कोकमं काढता काढता विचारलं, "नाकाचं काही विचारलं का गं डॉक्टरीणबाईंनी?"

"सर्दीचा कोठा आहे असं सांगितलं," मी म्हणाले. शपथ मी अर्धीच मोडली होती.

"बरं," बाबा म्हणाले आणि कोकमं मोजल्यासारखी एकेक करत बरणीत टाकत राहिले.

सुधारणा झाली ती इतकी हळू की कुणाच्या लक्षातच आली नाही. त्या मोसमात आई पहिल्यासारखीच खोकत भाजत राहिली, बाबा पहिल्यासारखेच चहा मागत राहिले, सुंदराबाईंनी मान हलवली. फक्त सकाळचा मोरीतला कफ कमी होत गेला. जुलैत ती रात्रभर सलग झोपली. गणपतीत पहिल्या मजल्यावरच्या बाई माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, "काकूंना काय झालंय गं? हल्ली थांबून बोलत नाहीत, तरातरा वर जातात." मी त्यांना मोदक दिला आणि जिन्यात उभी राहून एकटीच हसले.

दिवाळीनंतर एका सकाळी मी न्हाऊन केस पुसत होते. आई शेजारून गेली, दोन पावलं मागे आली आणि म्हणाली, "कसला गं हा शाम्पू? औषधासारखा वास मारतोय."

मी टॉवेलसकट तिच्या गळ्यात पडले. दोघी रडलो. बाबांनी बाहेरून विचारलं काय झालं, तर आई म्हणाली, पाल पडली.

वास सगळा आला नव्हता. आज यायचा, उद्या जायचा. हिंग आला, लवंग आली, गुलाबाचा पत्ता नव्हता. पण फेब्रुवारीपर्यंत बराच आला. सुंदराबाईंच्या पहिल्या घाण्याला मी मुद्दाम रजा टाकली. आई नऊ-दहा वर्षांनी नाकाने भाजणार होती आणि ते मला बघायचं होतं.

बाबा बाहेर स्टुलावर, रस्त्याकडे तोंड करून. आईने धणे कढईत टाकले. थोड्या वेळाने मास्क हनुवटीवर ओढला. मी डोळे वटारले. "एक मिनिट गं," ती म्हणाली आणि कढईवर वाकली. "कच्चा आहे अजून... आता ओलसर गेला... आता येतोय बघ... येतोय..." तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "आत्ता!" असं म्हणून तिने फडक्याला हात घातला.

बाहेरून आवाज आला, "शेवंती, चाय टाक गो."

आईने कढई उतरवली. दाराकडे पाहिलं. चहा टाकला नाही, खसखस टाकली. मास्क खालीच होता. खसखशीचा वास चढला, मलाही आला, आणि आईचा हात फडक्याकडे गेला.

"माझो चष्मो खय आसा?"

आईने खसखस परातीत काढली आणि तिसऱ्यांदा कढई चढवली. आता जायपत्री. ती कढईकडे बघतच नव्हती, दाराकडे बघत होती. जायपत्री तापली, वास आला, आणि बाहेरून बाबा म्हणाले, "अगो, ही पिशयी धर बघया."

आईने गॅस बंद केला आणि दारात जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे. बाबांची पाठ आमच्याकडे होती. पिशवी त्यांच्या हातात नव्हतीच, आणि चष्मा डोळ्यांवर होता. ते डोळे मिटून, नाक वर करून बसले होते.

"कधीपासना म्हायत आसा तुमका?" आईने विचारलं.

बाबा दचकले. वळून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आईकडे. "धण्याचा पोता भिजला म्हणान मी टाकून दिलंय, आठवता?" ते म्हणाले. "ता भिजूक नव्हता. भाजलेले धणे हुते. पार करपले हुते आणि तुका कळूक नाय. तेव्हापासना."

पोतं भिजल्याची ती गोष्ट मलाही आठवत होती. माझी बारावी झाली त्याच वर्षीची.

"धा वर्सां?" आई म्हणाली. "आणि मी समजतंय माझे कान चांगले."

"कान चांगलेच आसत गो. मी आपली नुसती चाय मागी."

"मगे डॉक्टराक कित्याक सांगलास नाय?" आता तिचा आवाज चढला. "दोनदा टीबीची औषधां गिळलंय मी! दोनदा! तुमका ठाऊक हुता आणि तुमी गप बसलास!"

"तू माका सांगलंस नाय, मगे मी दुसऱ्याक कसा सांगू?" बाबांचा आवाज एकदम लहान झाला. "तुका कळला असता माका म्हायत आसा, तर तू भाजूचा सोडलं असतंस. आणि नाकाचो छातीशी संबंध आसा, ह्या माका काय ठाऊक?"

आई आत गेली. मी तिथेच उभी राहिले. मला दोघांचाही भयंकर राग आला होता. एका खोलीत राहणारी दोन माणसं, मसाल्याचं नाव राखण्यासाठी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि त्यापायी आईची फुप्फुसं जायची वेळ आली होती. हे सगळं मी बाबांना सुनावणार होते. पण ते स्टुलावर मान खाली घालून बसले होते आणि मला एकाएकी माळ्यावरची इंडक्शनची शेगडी आठवली. मग मी खाली बसले आणि त्यांच्या पिशव्या भरायला घेतल्या.

उरलेला घाणा त्या दिवशी मुकाट्याने झाला. दुसऱ्या दिवशी मिरच्या आणि पुन्हा धणे होते. रजा नव्हती, तरी मी गेले. बाबा स्टुलावर बसले होते, ओठ घट्ट मिटून. धणे तडतडले, गप्प झाले, वास आला. बाहेरून हूं की चूं नाही. बाबांनी गुडघ्यावर ठेवलेली मूठ मात्र वळली होती. आईने कढई उतरवली, धणे परातीत ओतले आणि परात नेऊन त्यांच्या पुढ्यात धरली. बाबांनी वास घेतला आणि मान हलवली, अगदी सुंदराबाईंसारखी.

मग आईने शेगडीवर चहाचं भांडं ठेवलं. दोन कप भरले, एक मला, एक स्वतःला. बाबांपुढे तिने थंड दुधाचा पेला ठेवला. बाबांनी तो एका दमात संपवला आणि तोंड पुसलं.

"माका चाय कधीच आवडूक नाय," ते म्हणाले.

"मगे पाणी मागूचा हुता," आई म्हणाली.

"पाण्याक शेगडी लागणा नाय गो."